फ्रीमेसन व्हायचंय, पण लॉज कुठला निवडायचा?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं, शेवटी काढतोय, हसू नका.

मी ठाण्यात राहतो, वय ४१, आयटीत नोकरी. माझे पहिले बॉस पारशी होते, गेल्या वर्षी गेले. मुलगी परदेशात, इथे फक्त बाई एकट्या. त्यांच्या उठमण्याला गेलो तर तिथे सात-आठ माणसं होती ज्यांना आम्ही ऑफिसातलं कोणीच ओळखत नव्हतो. एक सरदारजी, एक मुसलमान डॉक्टर, दोन गुजराती, एक आपले दादरचे कुलकर्णी टाइप काका. हॉस्पिटलचं बिल, बँकेची कागदपत्रं, बाईंची औषधं, सगळं हीच मंडळी बघत होती आणि पुढचे सहा महिने बघत राहिली. मी काकांना विचारलं तुम्ही कुठले, तर म्हणाले "आम्ही त्यांच्या लॉजचे". लॉज म्हणजे फ्रीमेसन लोकांची स्थानिक शाखा. बॉसबरोबर नऊ वर्षं काम केलं, एका शब्दाने बोलले नव्हते.

तेव्हापासून डोक्यात आहे. यूट्यूबवर बघितलं तर अर्धे व्हिडिओ म्हणतात हे जग चालवतात, उरलेले म्हणतात ही रोटरीसारखी जेवणावळ आहे. माझे प्रश्न साधे आहेत. आत जायला काय लागतं, खर्च किती आणि वेळ किती, आणि मुख्य म्हणजे मुंबईत एवढे लॉज आहेत, काही भारताच्या ग्रँड लॉजखाली (म्हणजे सगळ्या लॉजांच्या वरची मध्यवर्ती संस्था) काही स्कॉटलंडच्या, त्यातला आपल्याला कुठला बरा हे कसं कळणार? एका ओळखीच्या ओळखीतून एका लॉजच्या दोघांना भेटलो होतो, चहा यायच्या आत "गाडी कुठली वापरता" विचारलं. तेव्हापासून जरा थंड पडलोय.

तिखटजाळ
लॉज निवडताना आधी चादरी बघायच्या, मग गरम पाणी चोवीस तास आहे का विचारायचं, आणि बाल्कनी रस्त्याकडे नको. बाकी सगळे लॉज सारखेच.

कोरा_कागद
हा जोक येणार माहीतच होतं :) घरीपण झालाय. बायकोला म्हटलं "रविवारी फोर्टात एक लॉज बघायला जातोय" तर ती दोन मिनिटं नुसती बघत राहिली.

झेंडूचं_फूल
माझे आजोबा रेल्वेत होते, उत्तरेकडे बदल्या व्हायच्या. ते सांगायचे की तिकडे लोक मेसन लोकांच्या बंगल्याला जादूघर म्हणायचे आणि रात्री तिथून जायला घाबरायचे. आत कवटी ठेवतात असंही सांगायचे. खरं काय आहे?

फोर्टातला_पारवा
मी चौदा वर्षं सभासद आहे, मुंबईतच, तेव्हा जमेल तेवढं सांगतो. लॉजचं नाव सांगणार नाही, विचारू नका, ते गुप्त म्हणून नाही तर इथे जाहिरात नको म्हणून.

झेंडू, जादूघर हा शब्द खराच आहे. दारं बंद, खिडक्या बंद, आत साहेब लोक एप्रन घालून जातात आणि बाहेर एक माणूस तलवार घेऊन उभा, मग आजूबाजूच्यांनी दुसरं काय समजायचं? त्या तलवारवाल्याला टायलर म्हणतात, आजही असतो. आमचा टायलर गुडघेदुखीमुळे खुर्चीवर बसतो आणि तलवार भिंतीला टेकवून ठेवतो. आणि मृत्यूची आठवण करून देणारी चिन्हं एका विधीत असतात, कवटी त्यातलीच. आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात तसलाच प्रकार, त्यात जादू काही नाही.

आता कागदसाहेब तुमचे प्रश्न. अट अशी की पुरुष हवा, आपल्याकडे एकवीस पूर्ण हवीत, चारित्र्य बरं हवं, म्हणजे कोर्टात फौजदारी भानगड नको, आणि परमेश्वर म्हणा सर्वोच्च शक्ती म्हणा, तिच्यावर श्रद्धा हवी. कुठला देव हे कोणी विचारत नाही. शपथ आपापल्या ग्रंथावर घ्यायची. आमच्या टेबलावर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहेबाचं पुस्तक आणि पारशांचा अवेस्ता असं सगळं शेजारीशेजारी असतं. आणि आत धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालायला बंदी.

अर्ज करायला एक सुचवणारा आणि एक अनुमोदक लागतो, दोघंही त्याच लॉजचे. मग दोन-चार लोक तुम्हाला भेटतात, बऱ्याचदा घरी येतात, बायकोची हरकत नाही ना हे मुद्दाम विचारतात. मग मतदान. पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या टाकायच्या, लॉजच्या नियमाप्रमाणे एक, दोन किंवा तीन काळ्या निघाल्या की विषय संपला, कोणी टाकली ते कधीच कळत नाही. पास झालात की तीन पायऱ्या, एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. साधारण वर्ष-दीड वर्ष जातं त्यात.

आणि ते गाडीचं. पहिल्या विधीच्या आधी उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, अंगठी, घड्याळ, धातूचं जे काही असेल ते सगळं काढून ठेवायला लावतात, की तू इथे रिकाम्या हाताने आलास हे लक्षात राहावं. चौदा वर्षांत मला त्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलेलं आहे. तेव्हा गाडी विचारणारे लोक विधी पाठ करून विसरले म्हणायचे. तो लॉज सोडा, संस्था सोडू नका.

तिखटजाळ
धर्म आणि राजकारण बंद?? मग दोन मराठी माणसं आत बोलतात काय? प्रॉपर्टीचे भाव?

फोर्टातला_पारवा
तिखटजाळ भाऊ, जेवण कोण आणणार आणि गेल्या वेळचा हिशेब कुठे आहे. अगदी सोसायटीच्या मीटिंगसारखं.

अण्णा_निपाणीकर
एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. मेसन म्हणजे गवंडी हो. माझे वडील गवंडी, आजा पाथरवट. या लोकांची ती खूण असते ना, त्यातला एक काटकोन्या म्हणजे आमचा गुण्या आणि दुसरा कंपास. ओळंबा, थापी, छिन्नी, हातोडी हे सगळं यांच्यात चिन्ह म्हणून आहे असं मी वाचलंय. आमच्या वडिलांनी जन्मभर खरा ओळंबा धरला, त्यांना कोणी एप्रन घालून जेवायला बोलावलं नाही. आता साहेब लोक चांदीचा ओळंबा गळ्यात घालतात. राग नाही, गंमत वाटते.

फोर्टातला_पारवा
अण्णा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मुळात ते युरोपातल्या दगडकाम करणाऱ्यांचेच संघ होते, चर्च बांधणारे. लॉज म्हणजे बांधकामाच्या जागेवरची त्यांची शेड, जिथे हत्यारं ठेवायची, दगड घडवायचे, दुपारी पडायचं. पुढे दगडाशी संबंध नसलेले लोक त्यात यायला लागले आणि १७१७ साली २४ जूनला लंडनमध्ये चार लॉजनी एका दारूच्या गुत्त्यावर जमून पहिलं ग्रँड लॉज काढलं. म्हणजे हत्यारं राहिली, गवंडी गेले.

पण एक सांगतो, आमच्याकडे दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि एक घडवून चौकोनी केलेला. पहिल्या दिवशी नव्या माणसाला सांगतात तू हा पहिला. समोर बसलेल्या माझ्या मराठी डोक्यात तेव्हा एकच आलं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. बाकी सगळं इंग्रजीत चाललेलं होतं, हे एवढंच आपलं वाटलं.

अण्णा_निपाणीकर
बरं वाटलं वाचून. फक्त देवपण येणारा दगड खाणीतच ओळखावा लागतो, प्रत्येक दगड घडत नाही. वडील टाकीने नुसतं वाजवून सांगायचे हा फुटणार.

बुद्धिवादी_बंड्या
म्हणजे नास्तिकाला प्रवेश नाही. २१व्या शतकात. सगळे धर्म चालतील पण धर्म नसलेला चालणार नाही, ही कुठली बंधुता?

पिंपळपान
बंड्या, फ्रान्समध्ये चालतो की. तिथल्या ग्राँ ओरियांने, म्हणजे त्यांच्या ग्रँड लॉजसारख्या मध्यवर्ती संस्थेने, १८७७ साली देवाची अटच काढून टाकली, त्यावरून इंग्लंडवाल्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले ते आजपर्यंत तुटलेलेच आहेत. भारतात जे मुख्य लॉज आहेत ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या वळणाचे, म्हणून इथे अट आहे.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. अद्वैती माणसाचं काय? मी म्हटलं ब्रह्म निर्गुण निराकार आहे आणि तेच मी आहे, तर चालेल का?

फोर्टातला_पारवा
चालेल, फक्त मुलाखतीत एवढं लांबवू नका, समोरच्यांना घरी जायचं असतं. आमच्यात एक वारकरी गृहस्थ आहेत, गळ्यात माळ, त्यांना विचारलं सर्वोच्च शक्ती मानता का, ते म्हणाले "पंढरीला उभी आहे". झालं.

बंड्या, तुम्ही खोटं सांगून आत जाऊ शकता, कोणी यंत्र लावून बघत नाही. पण पहिल्याच पायरीला खोटं बोलायचं तर मग जायचं कशाला?

बुद्धिवादी_बंड्या
हे मात्र पटलं. जात नाही मग. धागा वाचतो.

स्नेहल_प
आणि बायका? पुरुष हवा हे इतक्या सहज लिहून पुढे गेलात पारवा काका. मूल सांभाळणारी बायको घरी, नवरा महिन्यातून एकदा सूट घालून "आत्मविकास" करायला जाणार आणि रात्री अकराला तोंडाला वास घेऊन येणार. हरकत नाही ना म्हणून विचारायला येतात म्हणे, चार परके लोक दिवाणखान्यात बसलेले असताना कुठली बाई हरकत आहे म्हणेल?

पिंपळपान
स्नेहल, स्त्रियांचं मेसनपण अजिबात नाही असं नाही. १८९३ साली पॅरिसला स्त्री-पुरुष एकत्र असलेली शाखा निघाली, ॲनी बेझंट १९०२ मध्ये त्यात गेल्या आणि थिऑसॉफीच्या लोकांबरोबर ती भारतातही आली. इंग्लंडात तर १९०८ साली निघालेली एक शाखा पुढे फक्त बायकांची झाली. फक्त पुरुषांचे लॉज त्यांना आपल्या बैठकीला येऊ देत नाहीत.

फोर्टातला_पारवा
स्नेहल ताई, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. जुना नियम आहे आणि बदलायची कोणाला घाई नाही, एवढंच खरं. बायकोला विचारण्याचं म्हणाल तर तुमचा मुद्दा बरोबर आहे, आम्ही आता आधी एका जेवणाला दोघांना बोलावतो आणि आमच्या घरच्या बायका तिच्याशी स्वतंत्र बोलतात. त्यात एका बाईंनी आमच्या सेक्रेटरीच्या बायकोकडून खरी माहिती काढली आणि नवऱ्याचा अर्ज परत घेतला. आम्हाला त्यांचा आदरच वाटला.

स्नेहल_प
त्या सेक्रेटरीच्या बायकोचा नंबर द्या :)

मडगांवकार
मी गोव्याचो, कॅथलिक. कोणी कॅथलिक वाचत असेल तर सांगून ठेवतो, आमच्या चर्चची याला मनाई आहे. १७३८ साली पोप बारावा क्लेमेंट यानं पहिलं फर्मान काढलं, तेव्हापासून. मध्ये १९८३ मध्ये चर्चचा नवा कायदा आला त्यात मेसन हा शब्दच नव्हता म्हणून पुष्कळांना वाटलं सुटलो, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात रोमहून खुलासा आला की नाही, मनाई कायम आहे, जो जाईल त्यानं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, घेऊ नये. २०२३ मध्ये फिलिपीन्सच्या एका बिशपानं विचारलं तेव्हा पुन्हा तेच उत्तर. लॉजवाले म्हणतात आमची हरकत नाही, सगळे धर्म चालतात. त्यांची नाही हो, आमच्या पाद्रीची आहे. माझा मावसभाऊ मुंबईत गेला मेसन होऊन, मावशीनं दोन वर्षं ख्रिसमसला बेबिंका पाठवली नाही.

तिखटजाळ
बेबिंका बंद म्हणजे पोपपेक्षा कडक शिक्षा.

शंकेखोर_सदू
सगळं गोडगोड चाललंय म्हणून विचारतो. एवढं बंधुभावाचं काम असेल तर लपवायचं कशाला? इटलीत १९८१ साली पी-टू नावाच्या लॉजची यादी पोलिसांना सापडली, ९६२ नावं, त्यात मंत्री, सेनाधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख, बँकवाले. सरकार पडलं त्यावरून. आणि हे अफवा म्हणून नाही सांगत, चौकशी झालेली गोष्ट आहे. आपल्याकडे न्यायाधीश, पोलीस, बिल्डर एका खोलीत दार लावून बसणार आणि एकमेकांना भाऊ म्हणणार, आणि मी समजायचं की आत फक्त पाठांतर चालतं?

फोर्टातला_पारवा
सदू, पी-टू खरं आहे. तिथल्या ग्रँड ओरिएंटनेच ते लॉज त्याआधी अधिकृतपणे बंद ठरवलेलं होतं आणि तरी गेल्ली नावाचा माणूस ते चालवत राहिला. म्हणजे देखरेख कमी पडली, हे मान्य. कुठल्याही बंद दाराच्या संस्थेत हा धोका असतोच, आमच्यातही असणार.

नियमाने आतल्या ओळखीचा धंद्यासाठी वापर करायला बंदी आहे. व्यवहारात काय होतं? माणसाला ओळखीचा वकील लागला की तो ओळखीतलाच बघतो, गणपती मंडळातला असो की लॉजमधला. पण जो फक्त त्यासाठी येतो तो दोन वर्षांत कंटाळून जातो, कारण दर महिन्याला तीन तास बसून पाठांतर ऐकण्यापेक्षा गोल्फ क्लब स्वस्त पडतो.

पूर्वा_नाशिक
एक गंभीर गोष्ट सांगायची होती. माझ्या चुलत भावाला टेलिग्रामवर कोणीतरी "फ्रीमेसन इलुमिनाती सदस्यता" म्हणून गाठलं. डोळ्याचं चिन्ह, सोनेरी सर्टिफिकेट, सभासद झालात की महिन्याला डॉलरमध्ये पैसे मिळतील. आधी रजिस्ट्रेशन, मग "कस्टम ड्यूटी", मग अंगठीचे पैसे, असं करत ६८ हजार गेले. सायबर पोलिसांकडे तक्रार केली, अजून काही नाही. तो बीकॉम झालेला आहे हो, अडाणी नाही.

पिंपळपान
वाईट झालं पूर्वा. यात दोन गोष्टींची खिचडी केलेली असते. इलुमिनाती हा बव्हेरियात १ मे १७७६ ला वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकाने काढलेला गट, दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारने बंदी घालून संपवला. आज त्या नावाने जो कोणी मेसेज करतो तो चोरच.

फोर्टातला_पारवा
हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा. खरा लॉज तुम्हाला आपणहून मेसेज करत नाही, प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आणि मतदान झाल्याशिवाय एक रुपया घेत नाही, आणि सभासद झाल्यावर तुम्हाला पैसे देत नाही, उलट आयुष्यभर घेतच राहतो.

टेम्सकाठचा
मी मूळचा सांगलीचा, लंडनच्या बाहेर राहतो, इथल्या एका लॉजात सहा वर्षं आहे. इथे आता फार मोकळं झालंय. ग्रेट क्वीन स्ट्रीटला फ्रीमेसन्स हॉल आहे, त्यातलं म्युझियम कोणीही फुकट बघू शकतं, मी आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा सगळा संगमरवर बघून म्हणाले "हे झाडायला माणसं किती लागत असतील". इथे वेबसाइटवर फॉर्म भरता येतो, ओळख नसली तरी ते तुमच्या भागातल्या, तुमच्या वयाच्या, तुमच्या वेळा जुळतील अशा लॉजशी गाठ घालून देतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे २००५ पासून. दिवसा भरणारे लॉज आहेत रिटायर लोकांसाठी, एकाच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे आहेत, फक्त इतिहासाचा अभ्यास करणारा पण एक आहे.

कागदभाऊ, मुख्य मुद्दा असा की संस्था एकच असली तरी प्रत्येक लॉजचा स्वभाव वेगळा असतो. मी पहिल्यांदा ज्यात जाणार होतो तिथे सगळे सत्तरीचे, माणसं गोड पण बोलणं हिप-रिप्लेसमेंटचं. दुसऱ्यात जेवणापेक्षा ग्लास उंचावून शुभेच्छा देणंच जास्त. तिसऱ्यात गेलो तर एका आजारी भावाकडे पुढच्या आठवड्यात कोण जाणार याची वहीत नावं लिहून घेत होते. तिथेच फॉर्म मागितला.

न्यूजर्सीचा_बाब्या
अमेरिकेत आणखी वेगळं. इथे प्रत्येक राज्याचं ग्रँड लॉज स्वतंत्र, देशाचं असं एक नाहीच. आणि काळ्या लोकांची प्रिन्स हॉल मेसनरी वेगळी, कारण बोस्टनच्या गोऱ्या लॉजनी त्यांना घेतलं नाही म्हणून प्रिन्स हॉल नावाच्या माणसाने इंग्लंडहून सनद मिळवली, १७८४ ची. आता बहुतेक राज्यांत एकमेकांना मानतात पण दोन्ही घरं वेगळीच राहिली. बंधुतेच्या संस्थेत हे, म्हणून सांगतो फार भारावून जाऊ नका. माझा लॉज चांगला आहे, आमचं शनिवारचं पॅनकेक ब्रेकफास्ट फेमस आहे.

पिंपळपान
आपल्याकडे पण झालंय की तसंच. मुंबईत माणेकजी कर्सेटजी नावाचे पारशी गृहस्थ, मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले, त्यांना इथल्या गोऱ्यांच्या लॉजनी घेतलं नाही, ते जाऊन पॅरिसला मेसन झाले. मग जेम्स बर्न्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने पुढाकार घेऊन १८४३ मध्ये भारतीयांना घेणारा लॉज काढला, रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया. खरशेदजी कामा, फिरोजशहा मेहता त्यातलेच. आणि हिंदूंना तर बंगालात बराच काळ अडवून ठेवलं, मुद्दा काय तर यांचे देव अनेक, एक परमेश्वर कुठे मानतात! प्रसन्नकुमार दत्त १८७२ साली आत गेले तेव्हा तो दरवाजा उघडला. बारा वर्षांनी त्याच कलकत्त्यात नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण अँकर अँड होप लॉजमध्ये मेसन झाला, तो पुढे विवेकानंद म्हणून जगाला कळला.

झेंडूचं_फूल
काय सांगता! विवेकानंद??

पिंपळपान
हो. मोतीलाल नेहरू पण. आणि आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंग १८८६ ला लाहोरला झाला, वय एकवीस पूर्ण नसताना खास परवानगी काढून. पाकिस्तानात १९७२ मध्ये बंदी आली.

कोरा_कागद
बापरे, दोन दिवस ऑफिसच्या कामात होतो, एवढं जमलंय. सगळ्यांचे आभार. पारवा काका, भारत आणि स्कॉटलंड याचं राहिलं. आणि खर्च.

फोर्टातला_पारवा
१९६१ पर्यंत इथले सगळे लॉज इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या सनदेवर होते. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला दिल्लीत भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज झालं, तिघांच्या संमतीने, रामपूरचे नवाब पहिले ग्रँड मास्टर. तेव्हा प्रत्येक लॉजला विचारलं की इकडे येता का जुन्याच घरी राहता. बरेच आले, काही राहिले. म्हणून आज मुंबईत दोन्ही आहेत, पण एकमेकांकडे पाहुणे म्हणून जाता येतं, एकाच हॉलमध्ये आलटूनपालटून बैठका होतात. फरक विधीच्या शब्दांत आणि कपड्यांत. स्कॉटिश लॉजला आपल्या एप्रनचा रंग स्वतः ठरवता येतो म्हणून ते जरा जास्त रंगीत दिसतात. तुमच्यासाठी हा फरक शेवटून पहिला आहे.

खर्च म्हणाल तर प्रवेश फी एकदा, वार्षिक वर्गणी, प्रत्येक बैठकीनंतरच्या जेवणाचे वेगळे, दानपेटी फिरते त्यात स्वखुशीने, आणि काळा सूट, पांढरे हातमोजे, एप्रन. आकडा लॉजप्रमाणे बराच बदलतो, म्हणून थेट विचारा की "गेल्या वर्षी साध्या सभासदाचा सगळा मिळून खर्च किती झाला". जो सेक्रेटरी याला सरळ उत्तर देत नाही तिथे थांबू नका. घरखर्चाला ओढ लावून वर्गणी भरू नये हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी सांगतात.

वेळ फक्त बैठकीचा धरू नका. पद घेतलंत की तालमी आल्या, आणि पाठांतर. शेवटच्या पदावरून मास्टरच्या, म्हणजे लॉजप्रमुखाच्या, खुर्चीपर्यंत पोचायला सात-आठ वर्षं लागतात, दर वर्षी एक पद आणि त्याचा नवा मजकूर.

सोडलेला_मेसन
मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. मी पाच वर्षं होतो, सोडलं. शहर नाही सांगत. कोणी वाईट नव्हतं. पण आमच्या लॉजमध्ये खुर्चीसाठी दोन गट पडले, मतदानात एका चांगल्या तरुण मुलाला काळी गोळी पडली, फक्त तो दुसऱ्या गटाच्या माणसाने आणला होता म्हणून. त्याला आम्ही कारण सांगू शकत नव्हतो कारण कारण सांगायचंच नसतं. तो मला अजून रस्त्यात भेटतो, विचारत नाही, पण बघतो. मला ते सहन होईना.

कागद, तुम्हाला एक सांगतो. लॉजला विचारा की गेल्या पाच वर्षांत किती आले आणि किती गेले, आणि गेलेल्यांशी अजून कोण बोलतं. मी सोडल्यावर मला फक्त आमच्या टायलरचा फोन यायचा, दर दिवाळीला. यंदा नाही आला, चौकशी केली तर ते गेले होते.

फोर्टातला_पारवा
वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे यावर बोलायला काही नाही.

अण्णा_निपाणीकर
टायलर म्हणजे दाराबाहेर बसणारा ना. बाहेर बसणाऱ्याला माणसं जास्त कळतात.

शंकेखोर_सदू
मी सगळ्यात जास्त शंका काढल्या, पण "किती गेले" हा प्रश्न मला पण नव्हता सुचला. रोटरीत, मंडळात, पार्टीत, सगळीकडे विचारायला पाहिजे.

तिखटजाळ
लग्न ठरवताना पण.

स्नेहल_प
तिखटजाळ :हाहा:

कोरा_कागद
अडीच महिन्यांनी अपडेट, कोणी वाचत असेल तर.

दोन ठिकाणी जेवणाला जाऊन आलो, दोन्ही फोर्टातल्याच हॉलमध्ये, स्टर्लिंग थिएटरच्या मागे. विधीला बाहेरच्यांना नेत नाहीत त्यामुळे वरच्या बाकावर बसून वाट बघितली. पहिल्या ठिकाणी सगळं झकपक, जेवण उत्तम, पण सेक्रेटरींना खर्च विचारला तर हसून म्हणाले "अरे होईल ते, बघू". दुसरा लॉज माझ्या बॉसचाच. दादरच्या काकांना शोधून काढलं, म्हणजे बॉसच्या बाईंना फोन केला, त्यांच्याकडे नंबर होताच, अजूनही दर गुरुवारी कोणीतरी औषधं देऊन जातं. तिथे जेवण यथातथाच, पनीर रबरासारखं. सेक्रेटरी एक जुने एलआयसीवाले, खर्च विचारला तर वही उघडून गेल्या वर्षीचा हिशेब दाखवला, जेवणाच्या पैशांसकट. "किती गेले" विचारलं तर क्षणभर थांबले, म्हणाले तीन, त्यातल्या दोघांचं आमच्याशी भांडण झालं, आमचीही चूक होती. एकाला गेल्या महिन्यात भेटून आलो.

बायको बरोबर होती. तिला तिथल्या बाईंनी सांगितलं की महिन्यातला तिसरा शनिवार विसरायचा आणि मार्चमध्ये इन्स्टॉलेशन, म्हणजे नव्या मास्टरला खुर्चीवर बसवायचा समारंभ, असतं तेव्हा आठवडाभर नवरा बाथरूममध्ये इंग्रजी बडबडतो. परत येताना ट्रेनमध्ये ती म्हणाली जा, पण पहिल्या वर्षी पद घेऊ नकोस.

फॉर्म भरला. दोघे जण पुढच्या रविवारी घरी येतायत. मतदान त्यानंतर. बंड्या, मला देवाचं विचारतील तेव्हा काय म्हणायचं यावर मी पण बराच विचार केला, शेवटी आजी संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा जे वाटायचं ते अजून वाटतं, तेवढंच सांगणार आहे.

बुद्धिवादी_बंड्या
खरं सांगताय ना, मग ठीक.

टेम्सकाठचा
अभिनंदन, आगाऊ. रबरी पनीर जगभर सारखंच आहे, इथे चिकन असतं तसं.

फोर्टातला_पारवा
छान. रविवारी घरी पोहे करा, समोसे मागवू नका, घरी येणारे बहुतेक डायबेटिसवाले असतात. आणि काळा सूट अंगावर असेल तोच चालेल, नवीन शिवू नका, मतदान व्हायचंय अजून.

तिखटजाळ
आणि हातमोजे सुती घ्या. मे महिन्यात फोर्टात नायलॉनचे घातलेत तर गुप्त हस्तांदोलन घसरेल.